व्हायरसच्या हाती न लागणारा बॅकअप

घरच्या संगणकातील फाइलींचा बॅकअप घ्यायला हवा, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही, आणि पुष्कळांनी तो घेतलेलाही असतो. अडचण अशी की तो बहुधा हार्ड डिस्क बिघडेल या धास्तीने घेतलेला असतो. डिस्क बिघडते तेव्हा एकटी बिघडते. शेजारी जोडलेल्या दुसऱ्या डिस्कला तिची लागण होत नाही. व्हायरसचे तसे नाही. फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागणारा रॅन्समवेअर हा प्रकार एकदा संगणकात शिरला की जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबी पोर्टमध्ये विसरलेला पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर असे जिथे जिथे तुम्हाला लिहिण्याची मुभा आहे, तिथे तिथे तो पोहोचतो. २०१३ साली पसरलेला क्रिप्टोलॉकर संगणकाला जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइलीसुद्धा कूटबद्ध करत असे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून टाकत असे. त्यानंतर आलेल्यांपैकी अनेकांनी तर आधी बॅकअप शोधून तो निकामी करायचा आणि मग मूळ फाइलींकडे वळायचे, अशी रीतच पाडली.

म्हणून कोणत्याही प्रतीबद्दल एकच प्रश्न विचारावा. संगणक सुरू आहे, तुम्ही त्याच्यासमोर बसला आहात. अशा वेळी कोणतीही तार न जोडता आणि कोणताही पासवर्ड न टाकता तुम्हाला ती प्रत पुसता येईल का? येत असेल, तर ती व्हायरसलाही पुसता येईल, कारण तो तुमच्याच नावाने आणि तुमच्याच अधिकारात काम करतो. टेबलामागे कायम जोडलेली दोन टेराबाइटची डिस्क या कसोटीला उतरत नाही. कपाटात पडलेला साधा पेन ड्राइव्ह उतरतो. पुढे जे सांगितले आहे त्यातला बराचसा भाग या एका प्रश्नावर उभा आहे.

आधी काय जपायचे ते ठरवावे

विंडोज आणि त्यावर बसवलेले प्रोग्रॅम पुन्हा मिळवता येतात, त्यामुळे त्यांच्या प्रती काढण्यात जागा घालवू नये. किंबहुना व्हायरसच्या संदर्भात प्रोग्रॅमच्या आणि इन्स्टॉलरच्या फाइली बॅकअपमध्ये नसलेल्याच बऱ्या, कारण संसर्ग झालेला इन्स्टॉलर जपून ठेवला आणि संगणक नव्याने उभा केल्यावर तोच चालवला, तर चोराला पुन्हा आपणच दार उघडून दिल्यासारखे होते. जपायचे ते तुम्ही निर्माण केलेले आणि दुसरीकडे कुठेही नसलेले : फोटो, व्हिडिओ, लेखन, हिशेब, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे.

यातले बरेचसे ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ आणि ‘डेस्कटॉप’ या फोल्डरांत सापडते, पण सगळे नाही, आणि नेमके जे सापडत नाही तेच पुढे रडवते. आउटलुकमध्ये जुनी टपाल साठवली असेल तर ती पीएसटी या प्रकारच्या एका मोठ्या फाइलीत असते. आउटलुक उघडे असताना ती फाइल अडकलेली असते आणि कॉपी होत नाही, म्हणून आधी तो प्रोग्रॅम बंद करावा. हिशेबाची काही सॉफ्टवेअरे आपली माहिती सी ड्राइव्हवरील स्वतःच्या फोल्डरात ठेवतात; तो पत्ता त्यांच्या सेटिंगमध्ये दिलेला असतो, तो एकदा पाहून लिहून ठेवावा. ब्राउझरमधील बुकमार्क वेगळे निर्यात करून घ्यावेत. ‘डाउनलोड्स’ फोल्डर कचऱ्याचा डबा आहे असे मानले जाते, परंतु ईमेलने आलेली महत्त्वाची कागदपत्रे तिथेच पडून राहिलेली असतात, तेव्हा त्यावरून एक नजर फिरवून हवे तेवढे बाहेर काढावे.

आणखी एक फसवी जागा आहे. वनड्राइव्हसारख्या सेवेच्या फोल्डरात काही फाइलींच्या नावाशेजारी छोट्या ढगाची खूण दिसते. त्या फाइली संगणकात असल्यासारख्या वाटतात, पण तिथे असते ते केवळ नाव. मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि फाइल उघडली तरच खाली उतरतो. अशा फोल्डरावर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा, सर्व ढग जाऊन त्यांच्या जागी हिरव्या खुणा येईपर्यंत थांबावे, आणि मगच प्रत काढावी.

सगळे फोल्डर ठरले की प्रत्येकावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार पाहावा आणि बेरीज करावी. या बेरजेच्या किमान तिप्पट जागा असलेली डिस्क घ्यावी. तिप्पट कशासाठी, ते पुढे येईल.

डिस्क एक नव्हे, दोन

बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्यांच्यावर कायम शाईच्या पेनाने ‘क’ आणि ‘ख’ असे लिहावे. हे क्षुल्लक वाटते, पण एकाच कंपनीच्या एकसारख्या दोन काळ्या डब्या घाईच्या वेळी ओळखता येत नाहीत, आणि बॅकअपची खरी गरज घाईतच पडते. ‘क’ डिस्क घरात ठेवावी आणि आठवड्याला वापरावी. ‘ख’ महिन्यातून एकदा वापरावी आणि एरवी ती घराबाहेर, विश्वासातल्या नातेवाइकाकडे किंवा कामाच्या ठिकाणच्या कुलूपबंद कप्प्यात असावी. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम याच धर्तीचा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. माझ्या मते घरगुती वापरात माध्यमांच्या प्रकाराचा फार बाऊ करू नये. व्हायरसच्या दृष्टीने तिसरा आकडा सर्वांत मोलाचा आहे. दुसऱ्या घरात असलेली डिस्क जोडलेली राहूच शकत नाही, मग आपण कितीही विसराळू असलो तरी.

दोन डिस्क असण्याचे आणखी एक कारण आहे. बॅकअप घेत असतानाच व्हायरस जागा झाला, तर त्या क्षणी जोडलेली डिस्क हातची गेली असेच समजावे लागते. तेव्हा दोन्ही डिस्क एकाच वेळी एकाच संगणकाला कधीही जोडू नयेत.

नवी डिस्क अनेकदा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येते. ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, पण डिस्क मध्येच काढली गेली तर फाइलींची नोंद बिघडण्याचा धोका तिच्यात जास्त असतो. केवळ विंडोज वापरत असल्यास, डिस्क रिकामी असतानाच, ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घेणे चांगले. जुने पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही; लांबलचक व्हिडिओ कॉपी होताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो, तो यामुळे. ‘ख’ डिस्क घराबाहेर राहणार असल्याने तिला पासवर्ड घालावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे, इतरांना मोफत मिळणारे व्हेराक्रिप्ट वापरता येते. तो पासवर्ड, आणि बिटलॉकर देतो ती ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहून ठेवावी. संगणकातल्या फाइलीत ठेवलेली किल्ली इतर फाइलींबरोबरच कुलपात अडकते.

प्रत काढण्याची पद्धत

डिस्क जोडण्यापूर्वी संगणकाची प्रकृती पाहावी, आणि ही पायरी कधीही वगळू नये. फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरांतील चार-पाच फाइली, काही जुन्या, काही नव्या, प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय सुरू करून ठेवावा, म्हणजे प्रत्येक नावाची शेपटी दिसू लागते. रॅन्समवेअरने काम सुरू केले असेल तर बहुधा तीच आधी बदलते : ‘सहल.जेपीजी’च्या पुढे कधी न पाहिलेली अक्षरे चिकटलेली दिसतात, फोटोच्या लघुचित्राऐवजी कोरा पांढरा कागद दिसतो, आणि फाइल उघडत नाही. ईमेलमधून आलेली ‘पावती.पीडीएफ’ ही वास्तवात ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ असते, हेही याच पर्यायामुळे उघड होते. विंडोज मूळ स्थितीत ती शेवटची शेपटी लपवून ठेवते, आणि हा लपवण्याचा सोयीस्करपणा आजवर किती जणांना भोवला असेल, कोण जाणे. यानंतर अँटिव्हायरस अद्ययावत करून एक क्विक स्कॅन करावा, वाय-फाय बंद करावे, आणि मग डिस्क जोडावी.

डिस्कवर त्या दिवसाच्या तारखेचा नवा फोल्डर तयार करावा. नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, जसे ‘२०२६-०३-०१’, म्हणजे फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ठरवलेले सगळे फोल्डर त्यात कॉपी करावेत. मागच्या वेळच्या फोल्डरात नवी प्रत ओतू नये. विंडोज जेव्हा ‘रिप्लेस द फाइल्स इन द डेस्टिनेशन’ असे विचारते, तेव्हा ते खरे तर असे विचारत असते की जुनी चांगली प्रत पुसून तिच्या जागी आजची ठेवू का. आणि आजची चांगली आहे याची खात्री त्या क्षणी कुणालाच नसते.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण बॅकअप असूनही हात रिकामे राहिले असे ज्यांच्या बाबतीत घडते, त्यांच्यापैकी बरेच जण इथेच फसलेले असतात. व्हायरस शिरतो त्याच दिवशी दिसतो असे नाही. २०१६ च्या मार्चमध्ये मॅकवर आलेला केरेंजर हा रॅन्समवेअर ट्रान्समिशन नावाच्या एका प्रतिष्ठित प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमधून शिरत असे आणि तीन दिवस गप्प बसून मग कामाला लागत असे. मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप साधनाच्या फाइली कूटबद्ध करण्याचा अर्धवट लिहिलेला भागही त्यात आढळला होता. समजा, एखाद्या व्हायरसने क्वचित उघडल्या जाणाऱ्या जुन्या फोटोंपासून सुरुवात केली आणि तुमच्या ते लक्षात आले नाही. तुम्ही रविवारी नेमाने बॅकअप घेतला आणि नेमानेच जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवली. आता दोन्हीकडे सारख्याच निकामी फाइली आहेत, आणि शेवटची चांगली प्रत तुम्ही स्वतः, ‘रिप्लेस’चे बटण दाबून, पुसलेली आहे. दोन फोल्डर हुबेहूब सारखे ठेवणारी मिररिंगची साधने, उदाहरणार्थ विंडोजमधील रोबोकॉपी या कॉपी करण्याच्या साधनाचा मिरर पर्याय, हेच काम अधिक तत्परतेने करतात. मुळात जी फाइल नाही ती तिकडचीही पुसतात. आरसा जे समोर असेल ते दाखवतो, कालचे दाखवत नाही. बेरजेच्या तिप्पट जागा हवी ती यासाठी, की वेगवेगळ्या वयाच्या किमान तीन प्रती शेजारी शेजारी राहाव्यात. डिस्क भरत आली की सर्वांत जुना फोल्डर पुसण्याऐवजी मधला एखादा पुसावा, आणि दर वर्षाची एक प्रत कायम ठेवावी.

कॉपी पूर्ण झाली की मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळतात का ते पाहावे. मग टास्कबारवरील खुणेतून ‘इजेक्ट’ करावे, तार काढावी, डिस्क डबीत आणि डबी कपाटात ठेवावी. हे शेवटचे वाक्य साधे आहे, पण संपूर्ण पद्धतीतील हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. कॉपी चालू असते, तेवढ्यात आपण जेवायला उठतो, आणि ती डिस्क पुढे तीन आठवडे तशीच लटकत राहते. म्हणून वेळेचा अंदाज आधी बांधावा. यूएसबी २.० चा वेग कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास मिळतो. त्या वेगाने २०० जीबी जायला सुमारे दोन तास लागतात. यूएसबी ३.० च्या पोर्टवर, ज्याच्या आतली पट्टी बहुधा निळी असते, साध्या हार्ड डिस्कवरही तेच काम पाऊण तासाच्या आत होऊ शकते. हजारो छोट्या फाइली असतील तर मात्र दोन्हीकडे वेळ वाढतो.

किती दिवसांनी बॅकअप घ्यावा, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच द्यायचे आहे : किती दिवसांचे काम पुन्हा करण्याची तयारी आहे? प्रबंध लिहिणाऱ्याची तयारी एका दिवसाची असेल. फक्त सुट्टीत फोटो काढणाऱ्याला महिना चालेल.

आपोआप चालणारी साधने

हाताने कॉपी करण्याचा कंटाळा येतो, हे खरे आहे. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘फाइल हिस्ट्री’ हे साधन त्यासाठी आहे. बाहेरची डिस्क निवडून ते सुरू केले की मूळ सेटिंगनुसार ते दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती काढते, आणि जुन्या आवृत्त्या पुसत नाही. डिस्क काढलेली असली तरी ते तात्पुरत्या प्रती संगणकात साठवते आणि डिस्क पुन्हा जोडल्यावर त्या पोहोचवते, म्हणजे आठवड्यातून एकदा डिस्क जोडण्याच्या आपल्या पद्धतीशी त्याचे छान जुळते. विंडोज ११ मधील ‘विंडोज बॅकअप’ नावाचे ॲप हे नव्हे. ते फोल्डर वनड्राइव्हवर नेते, आणि नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते. मॅकवर टाइम मशीन आहे : ते गेल्या चोवीस तासांच्या ताशी, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती, डिस्कवर जागा असेपर्यंत ठेवते. लिनक्सवर देजा दुप हे साधन घरगुती वापराला पुरेसे आहे.

या साधनांवर माझा विश्वास आहे, पण आंधळा नाही, आणि त्याला कारण आहे. माझ्याकडे दर रविवारी रात्री आपोआप बॅकअप घेणारा एक प्रोग्रॅम होता. एके दिवशी मी डिस्क जोडण्यापूर्वी एक पेन ड्राइव्ह लावला, त्यामुळे डिस्कचे अक्षर ‘ई’चे ‘एफ’ झाले आणि पुढेही तेच राहिले. प्रोग्रॅम मात्र दर रविवारी ‘ई’ शोधत राहिला, न सापडल्याने थांबत राहिला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी लाल फुली दाखवत राहिला. ती फुली मी पाच महिने दर सोमवारी सकाळी न वाचता बंद करत होतो. एक जुने पत्र शोधायला डिस्क उघडली तेव्हा शेवटचा फोल्डर पाच महिन्यांपूर्वीचा होता. तेव्हापासून डिस्क व्यवस्थापनात जाऊन दोन्ही डिस्कना मी वर्णमालेच्या शेवटाकडची अक्षरे कायमची नेमून दिली आहेत, जी इतर कोणत्याही ड्राइव्हला सहसा मिळत नाहीत.

म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत परत आणून पाहावी. डिस्कवरून एक फोटो, एक कागदपत्र आणि एक मोठी फाइल निवडावी, ती मूळ जागी न टाकता डेस्कटॉपवरील वेगळ्या फोल्डरात आणावी, आणि उघडावी. जमल्यास हे दुसऱ्या संगणकावर करावे; पासवर्ड लक्षात आहे की नाही, हेही त्यातून कळते.

क्लाउड, आणि काही अपुरे आधार

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह यांचे संगणकावरील फोल्डर सिंक होणारे असतात, म्हणजे इथला प्रत्येक बदल सर्व्हरवरही आपोआप केला जातो, आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकातील फाइल कूटबद्ध झाली की सिंक ती नवी, निकामी फाइल प्रामाणिकपणे वर पाठवते. आपल्या कसोटीला हे फोल्डर उतरत नाहीत. तरीही क्लाउडला मोडीत काढणे चुकीचे ठरेल, कारण सर्व्हरवर जुन्या आवृत्त्या काही काळ राहतात. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ किंवा फोटो यांसारख्या फाइलीच्या आधीच्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवल्या जातात. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असल्यास संपूर्ण वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतील एखाद्या क्षणापर्यंत मागे नेता येते. तीस दिवस ही मुदत मोठी वाटते, परंतु वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या फोल्डरासाठी ती पुरत नाही. क्लाउडच्या खात्याला स्वतंत्र पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी हवीच, नाहीतर संगणकातून चोरलेल्या पासवर्डने जुन्या आवृत्त्याही पुसल्या जातील.

विंडोजच्या ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’ या सोयीवर विसंबू नये. ती ज्या शॅडो कॉपींवर, म्हणजे विंडोजने स्वतःच ठेवलेल्या जुन्या प्रतींवर, चालते, त्या त्याच संगणकात असतात, आणि त्या पुसून टाकणे हे रॅन्समवेअरच्या पहिल्या कामांपैकी एक असते. सिस्टिम रिस्टोअर तर वैयक्तिक फाइली परत आणण्यासाठी नाहीच. घरी नेटवर्कला जोडलेला साठवणुकीचा डबा, म्हणजे नॅस, असेल तर बॅकअपसाठी त्यावर वेगळे खाते करावे, त्याचा पासवर्ड विंडोजमध्ये साठवू नये, आणि डब्यात स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असल्यास ती सुरू करावी. अगदी मोजक्या, पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींसाठी एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी अजूनही उत्तम आहे, तिच्यात ४.७ जीबीच मावते, पण तिच्यावर लिहिलेले कोणताही व्हायरस बदलू शकत नाही.

न जोडलेल्या प्रतीचे मोल किती असते, याचे एक उदाहरण मोठ्या कंपनीचे आहे, पण ते घरालाही लागू पडते. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. कंपनीच्या नेटवर्कची मूळ नोंदवही सांभाळणारे सर्व्हर ठिकठिकाणी होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणजे कागदावर बॅकअप भरपूर होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधील एक, कारण हल्ल्यापूर्वी तिथली वीज गेली होती आणि तो बंद पडला होता. त्या एका सर्व्हरवरून कंपनीने आपले नेटवर्क पुन्हा उभे केले.

फाइली उघडेनाशा झाल्या तर

सर्वांत आधी संगणकाचे नेटवर्क तोडावे : वाय-फाय बंद करावे, केबल असेल तर उपसावी. २०१७ च्या मे महिन्यातील वॉनाक्राय हा रॅन्समवेअर कुणी काही क्लिक न करताही नेटवर्कवरील एका संगणकातून दुसऱ्यात जात होता, आणि तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. घरातले इतर संगणक वाचवणे हे पहिले काम आहे.

दुसरी गोष्ट करायची नाही, टाळायची आहे. बॅकअपची डिस्क जोडू नये. ‘निदान तिकडच्या फाइली तरी ठीक आहेत ना’ हे पाहण्याची अनावर इच्छा होते, हात आपोआप कपाटाकडे जातो, आणि महिनोन्महिने जपलेली प्रत आपण त्या एका मिनिटात व्हायरसच्या स्वाधीन करतो. पाहायचेच असेल तर दुसऱ्या, निर्दोष संगणकावर पाहावे.

पैशांच्या मागणीचा जो संदेश पडद्यावर असेल त्याचा फोनने फोटो काढावा. पैसे देऊ नयेत. दिल्यावर किल्ली मिळेलच असे नाही, आणि नॉटपेट्याच्या बाबतीत तर फाइली परत मिळण्याचा मार्गच नव्हता. बॅकअपमध्ये नसलेल्या कूटबद्ध फाइली मात्र पुसू नयेत, त्या एखाद्या फालतू डिस्कवर काढून ठेवाव्यात. डच पोलीस, युरोपोल आणि कॅस्परस्की व इंटेल सिक्युरिटी या कंपन्यांनी २०१६ च्या जुलैमध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरची कुलपे उघडणारी साधने मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली वर्षभराने तिथे येऊ शकते.

मग संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावे. व्हायरस ‘साफ केला’ असे अँटिव्हायरसने सांगितले तरी त्यावर काम भागवू नये. त्यासाठीचा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करावा, जुनी सर्व पार्टिशने काढून टाकावीत, आणि विंडोज बसल्यावर सर्वप्रथम अपडेट पूर्ण करावीत. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दरम्यान फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. हे सगळे झाल्यावर, आणि त्याआधी अजिबात नाही, ‘क’ डिस्क जोडावी व काहीही उघडण्यापूर्वी तिचा पूर्ण स्कॅन करावा.

आता तारखांचे फोल्डर कामाला येतात. सर्वांत नव्या फोल्डरापासून मागे मागे जावे आणि प्रत्येकातील निरनिराळ्या ठिकाणच्या फाइली उघडून पाहाव्यात. ज्या फोल्डरात सगळ्या नीट उघडतात, तो परत आणावा, आणि त्यानंतरच्या फोल्डरांतून फक्त नव्याने तयार झालेल्या, सुस्थितीत असलेल्या फाइली वेचून घ्याव्यात. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलीने ‘मॅक्रो सुरू करा’, म्हणजे फाइलीतला छोटा प्रोग्रॅम चालवू द्या, असे विचारले तर करू नये. संसर्ग झालेली फाइल बॅकअपमध्ये निपचित पडून असते आणि अशा परवानगीनेच जागी होते. परत आणलेल्या फाइलींवर काम सुरू झाले तरी ‘ख’ डिस्कला महिनाभर हात लावू नये, ती आहे तशी बाहेरच राहू द्यावी, आणि या काळातला बॅकअप एखाद्या तिसऱ्या, नव्या डिस्कवर घ्यावा.